इतिहास घ्या, पण कागदासकट

बारावीचा निकाल लागला की पुष्कळ घरांत हा वाद होतो. मुलगी म्हणते, मला बी.ए.ला इतिहास घ्यायचा आहे. घरचे विचारतात, घेऊन पुढे करणार काय? प्रश्न चुकीचा नाही. पोटापाण्याचा विचार आईवडिलांनी नाही करायचा तर कोणी? त्यावर ‘एमपीएससी देईन’ हे जे ठरलेलं उत्तर मिळतं, ते मात्र अपुरं आहे. स्पर्धा परीक्षेला इतिहास उपयोगी पडतो, हे खरं. पण तेवढ्यासाठी विद्यापीठाची तीन-चार वर्षं खर्चायची गरज नाही. तिथं मिळवण्यासारखं दुसरंच काही आहे.

शिवाजी महाराजांची जन्मतारीख घ्या. आज शाळकरी पोरही १९ फेब्रुवारी १६३० सांगतं. पण कितीतरी वर्षं आपल्याकडे वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७ साल धरलं जात होतं, तेही बखरींच्या आधाराने. मग कारीच्या जेधे देशमुखांच्या घरची शकावली, म्हणजे सालवार नोंदींची यादी, लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली ती छापली गेली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद होती. एकट्या नोंदीवर विसंबायचं नसतं, तसं जाणकार विसंबलेही नाहीत. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’तही हीच तिथी मिळाली. राजस्थानात सापडलेली कुंडलीही तिच्याशी जुळली. तरी वाद अनेक दशकं चालला. कोणता कागद कधी लिहिला, कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, त्याला दुसऱ्या कशाचा दुजोरा आहे का, हे विचारायची सवय म्हणजे इतिहासाची पदवी. ‘कारणे व परिणाम लिहा’ या प्रश्नाचं गाइडमधलं उत्तर घोकून गुण पडतील, ही सवय लागणार नाही. आजकाल मोबाइलवर रोज कोणीतरी इतिहासाच्या नावाने काहीबाही पाठवतं. अशा वेळी ही सवय असलेली चार माणसं गावात असणं फार गरजेचं आहे, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून पहिल्याच वर्षी जुन्या कागदांची मोडी लिपी शिकायला घ्या. अभ्यासक्रमात असो वा नसो. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. गो. स. सरदेसाई यांनी त्यातले निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले, तरी न छापलेलं त्याहून कितीतरी जास्त आहे. बाराखडी काही आठवड्यांत येते, कष्ट पुढे असतात. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतो आणि तिच्याखाली न थांबता अक्षरं लिहीत जातो. शब्द सुटे नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. शब्द कुठं तोडायचा हे तुम्हीच ठरवायचं. त्यात सन असा येतो: ‘इहिदे सितैन मया व अलफ’. एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन ११६१. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं, म्हणून इसवी सन काढताना पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला ६००. बेरीज करून पाहा, पानिपतचं साल येतं. हा हिशेब स्वतः करून एक पत्र लावलं की जो आनंद होतो, तो नोट्स वाचून होत नाही.

घरच्यांसाठीही एक गोष्ट सांगते. २०२३ साली जुन्या दप्तरांतल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची ठिकठिकाणी गरज पडली. जमिनीच्या जुन्या दाव्यांतही मोडी कागदाचं लिप्यंतर लागतं. प्राध्यापकाच्या कायम जागा थोड्या आहेत आणि भरती रखडते, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यामुळे पदवीबरोबर एक कौशल्य हातात हवंच. पुरातत्त्वाची ओढ असेल तर पुढे डेक्कन कॉलेज आहे. शिकवायचं असेल तर बी.एड. आहे. गोव्याच्या मुलांनी पोर्तुगीज शिकावी. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पणजीच्या पोर्तुगीज दप्तरातून मराठ्यांच्या इतिहासाला केवढी भर घातली! फारसी येणारे तर आता फारच थोडे उरले आहेत.

आणि इतिहास म्हणजे फक्त पेशवाई, फक्त लढाया असं समजू नका. सत्यशोधकांची वर्तमानपत्रं आहेत, गिरणगाव आहे, १९८२चा गिरणी संप आहे. आपल्याच घरात पाहा. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या, मुलांना सुकडी खाऊ घालून जगवणाऱ्या बायका आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना किती मजुरी मिळाली, कामावरचा मुकादम कसा वागायचा, पाणी कुठून आणावं लागायचं, हे सगळं सरकारी अहवालात सापडेलच असं नाही. विचारताना तारीख, ठिकाण, बोलणारीचं तेव्हाचं वय लिहून ठेवा. तिचं वाक्य सुधारू नका, तिच्याच बोलीत उतरवा. मग तालुक्याच्या दप्तरात जाऊन ताडून बघा. आठवण आणि कागद जुळले नाहीत तर दोन्ही तशीच नोंदवा.

पानिपतचे कागद अजून शंभर वर्षं रुमालात राहतील. या बायका नाही राहणार. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा आधी त्यांच्याकडे जा.