मेडिकल जेनेटिक्स : सायन्सच्या मुलांसाठी एक वेगळी वाट

दीपनगरच्या वीज केंद्रामुळे आमच्या भागातील मुलांना आयटीआय, डिप्लोमा, इंजिनिअरिंग या वाटा घरबसल्या कळतात. बायोलॉजी घेणाऱ्या मुलीला मात्र डॉक्टर नाहीतर नर्स, एवढेच सांगितले जाते. या महिन्यात आम्ही पालकांपुढे मेडिकल जेनेटिक्स, म्हणजे वैद्यकीय आनुवंशिकी, ही वाट ठेवत आहोत.

तिची गरज आपल्या दारातच आहे. यावल, चोपडा, शिरपूरच्या सातपुडा पट्ट्यातील आदिवासी वस्त्यांत सिकलसेलचे रुग्ण आढळतात. थॅलेसेमिया तर कोणत्याही समाजात दिसतो. आई-वडील दोघेही अशा आजाराचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 4 पैकी 1 असते. आधीची तीन मुले ठणठणीत असली, तरी चौथ्या वेळी हिशेब तोच. वाहक स्वतः बहुधा निरोगी असल्याने घरात कोणाला पत्ताच नसतो. चुलत, मावस, आते-मामे भावंडांत लग्न ठरते तेव्हा दोघांकडे एकच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते. म्हणून निकाहाआधी सिकलसेल-थॅलेसेमियाची रक्ततपासणी करून घेणे शहाणपणाचे.

तरीही आजारी मूल जन्मले की बोल सुनेलाच लागतो. शास्त्र सांगते, हे जनुक आई-वडील दोघांकडून येते आणि त्यात कोणाचाच गुन्हा नाही. सासू-सासऱ्यांसमोर बसून हे उर्दूत, मराठीत, अहिराणीत समजावणारे माणूस हवे. ते आपल्या मुलांतून का तयार होऊ नये?

त्यासाठी मुख्य वाटा तीन.

पहिली डॉक्टरची. बारावी सायन्स, नीट, साडेपाच वर्षांचे एमबीबीएस, मग बालरोग किंवा स्त्रीरोग यांसारख्या विषयात तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण आणि त्यानंतर तीन वर्षांचे डीएम. लखनौच्या एसजीपीजीआय व दिल्लीच्या एम्समध्ये हा अभ्यासक्रम आहे. वाट लांब आहे, हे आधीच ओळखावे.

दुसरी समुपदेशकाची. नीटमध्ये कमी गुण पडले म्हणून हे दार बंद होत नाही. झूलॉजी, मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजीत बीएस्सी करून ह्युमन जेनेटिक्स किंवा जेनेटिक कौन्सेलिंगचे एमएस्सी करता येते. मणिपालला असे शिक्षण मिळते. घर सोडणे शक्य नसेल, तर जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठात बायोटेक्नॉलॉजीचे एमएस्सी करून संशोधनाकडे वळता येते.

तिसरी प्रयोगशाळेची. मेडिकल लॅब टेक्नॉलॉजी शिकलेली मुले रक्तातील हिमोग्लोबिनचा प्रकार तपासतात, पेशींतील 46 गुणसूत्रांच्या 23 जोड्या लावून दोष शोधतात. मुंबईत परळला, केईएमच्या आवारात, रक्ताच्या आजारांवर काम करणारी आयसीएमआरची संस्था आहे. 2047 पर्यंत सिकलसेल संपवण्याचे राष्ट्रीय अभियानही 1 जुलै 2023 रोजी सुरू झाले. अशा कामांना शिकलेले हात लागतात.

एक सावधगिरी. काही महिन्यांत ‘जेनेटिक्स तज्ज्ञ’ करून देणाऱ्या जाहिरातींना भुलू नका. फी भरण्याआधी पदवी कोणत्या विद्यापीठाची, हे विचारा. गर्भलिंग तपासणी हा 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही या क्षेत्रात येणाऱ्याने पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावे.

पालकांना आमची विनंती एवढीच, की अकरावीत मुलीची बायोलॉजी घाईने सोडवू नका. उद्या एखाद्या घरातील सुनेवरचा आळ तीच उतरवील, इन्शाअल्लाह.