‘बोलेल हो उशिरानं!’

दोन वर्षांचं मूल अजून बोलत नाही, अशी काळजी सुनेनं बोलून दाखवली की घरातलं वडीलधारं माणूस हमखास म्हणतं, ‘‘त्याचा बापही उशिरानंच बोलला. बोलेल हो!’’ या शब्दांत माया असते आणि बरेचदा ते खरंही ठरतं. पण ज्या घरात ते खरं ठरत नाही, तिथे मुलाची फार मोलाची वर्षं हातची जातात.

पहिल्या तीन वर्षांत मेंदूची जडणघडण सर्वांत वेगानं होते. चार महिने उलटूनही मान धरली नाही, दीड वर्षाचं होऊनही मूल चाललं नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोललं नाही, तर घाबरू नये. पण डॉक्टरांना दाखवायला उशीरही करू नये. कधी कधी मूल बोलत नाही, कारण त्याला ऐकूच येत नसतं!

सरकारनं काही केलं नाही, असं नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांच्या पथकानं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासावीत, अशी योजना आहे. जन्मजात व्यंगाबरोबर वाढीतला विलंबही ते पाहतं. पुढच्या उपचारांसाठी ‘जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र’ असतं.

घोडं अडतं ते इथेच. तपासणी गावात येते, उपचार मात्र जिल्ह्याच्या गावी राहतात. हे उपचार म्हणजे एकदा टोचलेलं इंजेक्शन नव्हे. व्यायाम आणि बोलण्याचा सराव महिनोन्‌महिने चालतो. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर. दिवसाची मजुरी बुडवून, मूल कडेवर घेऊन एखादी आई कितीदा जाईल? दोन खेपांनंतर ती आली नाही, तर दोष तिला द्यायचा का?

माझी नोकरीची सारी वर्षं बँकेत गेली. १९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यानंतर बँका खेड्यात पोचल्या. शेतकरी शहरात येईल म्हणून वाट पाहत बसलं असतं, तर तो सावकाराच्याच दारी राहिला असता. हाच हिशेब इथेही लागू पडतो.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस ठरवून तज्ज्ञानं यावं. आईला एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी मिळावी. अंगणवाडी सेविकेनं पाठपुरावा करावा. पण कामाचं ओझं वाढवताना तिचं मानधनही वाढवावं. तज्ज्ञ कमी आहेत, असं म्हटलं जाईल. खरंच आहे, म्हणूनच वीस आयांना फिरवण्यापेक्षा एका तज्ज्ञानं प्रवास करणं शहाणपणाचं. त्यानं आईला शिकवावं. उरलेले सहा दिवस घरी सराव तीच घेईल.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं मोफत शिक्षणाचा हक्क दिला, तो सहाव्या वर्षापासून. त्याआधीची कोवळी वर्षं योजनेच्या भरवशावर आहेत. योजना दारापर्यंत यावी, हे सरकारला बजावून सांगायला हवं.

आणि घरातल्या आजी-आजोबांनो, ‘बोलेल हो’ जरूर म्हणा. पण त्याच आठवड्यात नातवाला डॉक्टरांकडे घेऊनही जा.