इंचभर रेघ, अख्खे दार

दिवाळी आटोपली की आपल्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरतात. साकोली-लाखांदूरकडे पाहुण्यांच्या गाड्या पांदणीतून शिरतात, दोन्हीकडच्या बाभळी दारांवर रेघा ओढतात आणि दुसऱ्या दिवशी ती गाडी आपल्या रंगकामाच्या शेडसमोर उभी राहते. मालक रेघेवर बोट ठेवून विचारतो, "भाऊ, हे घरी होईल का?" आपल्यापैकी अनेकांचे उत्तर ठरलेले: "पूर्ण दार मारावं लागेल." बरेचदा ते खरे नसते आणि हे आपल्याला माहीत असते. मला आज त्यावरच बोलायचे आहे.

कारखान्यातला रंग आपण कोणालाही परत देऊ शकत नाही. पत्र्यावर फॉस्फेट, मग अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेने चढवलेला प्रायमर आणि तो १६० ते १८० अंशांवर भाजलेला. त्यावर सरफेसर, रंग, क्लिअर. सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या दोन केसांएवढी जाडी. आपल्याकडे गाडी येते तेव्हा तिच्यात वायरी, प्लास्टिक, सीट सगळे बसलेले असते. उत्तम बूथ असला तरी ६० अंशांच्या आसपास थांबावे लागते. हात कितीही कसलेला असो, भट्टीतला तो पक्केपणा आपल्या शेडमध्ये येत नाही. इंचभर रेघेसाठी चांगल्या टिकलेल्या दारावर पेपर फिरवण्याआधी एवढे तरी आठवायला हवे. मेटॅलिक असेल तर रंगछटा जुळवायला शेजारच्या फेंडरवरही धूर सोडावा लागतो. एका रेघेपायी दोन पॅनेल जातात.

म्हणून आधी गाडी धुवा. फाटकाला घासलेल्या गाडीवर पुष्कळदा फाटकाचाच रंग चिकटलेला असतो, कम्पाउंडने दोन मिनिटांत निघतो, आणि घाबरून आलेला माणूस हसत घरी जातो. मग रेघेवर पाणी टाका. ओली असताना ती दिसेनाशी झाली, तर जखम क्लिअरमध्येच आहे. आता नख फिरवा. नख अडले नाही तर पॉलिशने काम होईल. अडले आणि आत पांढरट वा करडे दिसले, तर रंग भरावा लागेल. पत्रा चमकला, तर पावसाळ्याआधी तो बंद झालाच पाहिजे. आपल्याकडच्या ओलीत गंज वाट पाहत नाही. बंपरची गोष्ट वेगळी, तो प्लास्टिकचा, गंजणार नाही. तिथे घाई नाही.

अॅम्बेसेडर आणि पद्मिनीवर हात बसलेल्या जुन्या कारागिरांना एक सांगणे. त्या रंगावर क्लिअर नसायचा, त्यामुळे रबिंग करताना फडक्यावर रंग उतरायचा आणि ते ठीकच होते. आज क्लिअर असलेल्या गाडीवर फडके रंगले, तर समजा क्लिअर संपला आणि काम हाताबाहेर गेले. दाराच्या धारेवर तो सर्वात आधी संपतो. मी स्वतः शिकत असताना एका पांढऱ्या गाडीच्या बोनेटची धार अशीच उघडी पाडली होती. तेव्हापासून धारेवर टेप लावल्याशिवाय मशीन हातात घेत नाही.

घरी करण्याजोगे काम कोणते, ते मालकाला मोकळेपणाने सांगा. दाराच्या खांबावर किंवा बोनेटखाली रंगाचा कोड असतो. त्यावरून छोटी बाटली बनवून द्या. मेणाचा आणि सिलिकॉन पॉलिशचा अंश पुसायला सांगा, नाहीतर रंगाला गोल खळगे पडतात. गंज असेल तर तेवढ्याच जागी बारीक पेपर आणि प्रायमर. मग अगदी बारीक ब्रशने रंग रेघेच्या आतच, पातळ, दोन-तीनदा, मध्ये नीट वाळू देऊन. थिनर उडाला की रंग खाली बसतो, म्हणून एकदाच थापून उपयोग नाही. शेवटी क्लिअर, आठवडाभर थांबणे, आणि वर आलेला उंचवटा तेवढा २००० च्या वॉटर पेपरने सपाट करणे. मेटॅलिकमध्ये ब्रशचा ठिपका किंचित गडद दिसतो, हेही आधीच सांगा. हातभर अंतरावरून दिसणार नाही, जवळून दिसेल. ऐकून घेतलेला माणूस नंतर तक्रार करत नाही.

मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात हे काम नको, धानाच्या मळणीची धूळ उडत असताना नको आणि आषाढातल्या दमट हवेत तर नकोच. रंगावर पांढरी छटा येते.

विम्याचा प्रश्न निघेलच. पहिले वर्ष दाव्याविना गेले तर गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, पाच वर्षांत ती ५० टक्क्यांपर्यंत जाते. एका रेघेच्या दाव्यापायी ती घालवणे गरीब मालकाच्या हिताचे नाही. आपले बिल मोठे होते म्हणून हे लपवू नका.

स्प्रे मात्र घरी नको, हे ठामपणे सांगा. हार्डनर असलेले डबे आता कोणालाही घरपोच मिळतात. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा धूर श्वासातून जाऊन एकदा शरीर बिथरले, की पुढे अगदी थोड्या धुरानेही दमा उठू शकतो. नाकाला रुमाल बांधून तो अडत नाही. बाहेरून स्वच्छ हवा देणारा मास्क लागतो. आपल्या किती शेडमध्ये असा मास्क आहे? घराच्या ओसरीत लेकराबाळांजवळ धूर नको म्हणतो, तसाच तो शेडमध्ये वाकून पेपर मारणाऱ्या पोरालाही नको. रंगातल्या शिशाचेही तसेच. भारतात ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून लागू झाली ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. गाड्यांचे रंग त्या नियमात नाहीत. जुना थर कोरडा घासू नका, पाणी लावूनच घासा, आणि जेवणाआधी हात धुवायला त्या पोराला आठवण करा.

बाटली देताना तिच्यावर रंगाचा कोड, गाडीचा नंबर आणि तारीख लिहून चिठ्ठी चिकटवा, आणि तेच वहीतही उतरवून ठेवा. पुढच्या मंडईनंतर तीच गाडी येईल, तेव्हा वही उघडायची.