लिंबाएवढा कोबी!

कोबीचा गड्डा तुम्ही नेहमीच पाहता. पण लिंबाएवढा, किंबहुना त्याहूनही लहान कोबी पाहिलाय? आणि तोही एका झाडावर एक नव्हे, डझनावारी!

या भाजीचं नाव ब्रसेल्स स्प्राउट. ब्रसेल्स ही बेल्जियमची राजधानी. त्या भागात ही भाजी फार पूर्वीपासून पिकते. आणि स्प्राउट म्हणजे कोंब.

आता गंमत ऐका. झाडाच्या शेंड्याला एक कोंब असतो. शिवाय पान खोडाला जिथे जोडलेलं असतं, त्या बेचक्यातही एकेक इवलासा कोंब दडलेला असतो. कोबीच्या झाडात शेंड्याचा कोंब फुगतो, पानावर पान घट्ट बसतं आणि गड्डा तयार होतो. म्हणजे कोबी हा एक भलामोठा कोंबच की! ब्रसेल्स स्प्राउटचा शेंडा मात्र सरळ वर वाढत जातो आणि बेचक्यांतले कोंब फुगतात. खालचे आधी तयार होतात, म्हणून तोडणीही खालून वर. काही शेतकरी शेंडाच खुडतात. मग सगळे गड्डे साधारण एकदम भरतात.

या भाजीला थंडी फार प्रिय. कडाक्याची थंडी पडली की तिच्यातली साखर वाढते आणि चव गोडसर होते. इंग्लंडमध्ये नाताळच्या जेवणात ती हवीच!

तरीही तुम्ही कारल्याला नाक मुरडता ना, तशी तिकडची मुलं हिला मुरडतात. कारण तिचा कडवटपणा. पण तो झाडाच्या कामाचा असतो. किडे त्यामुळे लांब राहतात. १९९०च्या दशकात हान्स व्हान डोर्न या डच शास्त्रज्ञाने कडवटपणा आणणारी द्रव्यं ओळखली. मग जुन्या, कमी कडू वाणांचा भरपूर पीक देणाऱ्या वाणांशी संकर केला गेला. म्हणून आजची भाजी पूर्वीइतकी कडू नाही.

कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि ब्रसेल्स स्प्राउट या चौघांची जात एकच! माणसाने कुणाचा शेंडा वाढवला, कुणाचं फूल, कुणाचं खोड, तर कुणाचे बेचक्यातले कोंब.

पटत नाही? मग आज आईला किंवा बाबांना कोबीचा गड्डा मधोमध उभा चिरायला सांगा. मधल्या पांढऱ्या दांड्याजवळ, पानांच्या बेचक्यांत नीट पाहा. तिथे बारीक कोंब दिसतील. त्यांचं चित्र वहीत काढा, आणि मग भाजी मात्र पानात टाकू नका हं!