पिन अडकली तिथे

गेल्या उन्हाळ्यात पुण्याला नोकरी करणारा आमचा पुतण्या नेकनूरला आला, तो काखेत एक चौकोनी पेटी मारूनच. आम्हांला वाटले, मिक्सर असेल. निघाला रेकॉर्ड प्लेअर! सोबत तबकडी एकच, तीही इंग्रजी. किंमत ऐकून वहिनींनी कपाळाला हात लावला. महिन्याचे दूध आणि गॅस त्यात निघाला असता.

"काका, हा इंडी रॉक." इंडी म्हणजे इंडियातला नव्हे, इंडिपेंडंट. बड्या कंपनीच्या दारात न जाता स्वतःच्या बळावर केलेले गाणे. ही तबकडी बोन इव्हेर या नावाने गाणाऱ्या जस्टिन व्हर्नन या अमेरिकन तरुणाची. बँड मोडलेला, अंगात आजारपण. 2006-07 च्या हिवाळ्यात तो विस्कॉन्सिन राज्यात वडिलांच्या रानातल्या झोपडीत जाऊन एकटा राहिला आणि बहुतेक गाणी तिथेच ध्वनिमुद्रित केली. 2007 साली पदरमोड करून थोड्या सीड्या काढल्या. 2008 मध्ये एका छोट्या कंपनीने त्या बाजारात आणल्या. नऊ गाणी, सदतीसेक मिनिटे.

शब्द आम्हांला कळले नाहीत, खोटे कशाला बोला. पण हा गडी आपल्याच आवाजावर आवाज चढवून एकट्याने कोरस उभा करतो. गिटार शेजारच्या खोलीतून आल्यासारखी वाजते. गाण्याइतकीच गाण्याभोवतीची थंडी ऐकू येते. बाहेर नेकनूरचे ऊन आणि घरात बर्फ!

मोबाइलवर हेच गाणे फुकट मिळते, मग तबकडी कशाला? पुतण्या म्हणाला, "मोबाइलवर आपण गाणी पुढे ढकलतो, काका. इथे बसावं लागतं." बरोबर आहे. बारा इंची तबकडीची एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांची. ती संपली की उठून उलटायची. अमेरिकेत 2022 साली अशा तबकड्या सीडीपेक्षा जास्त खपल्या, 1987 नंतर पहिल्यांदाच. मालमसाला म्हणाल तर पीव्हीसी, आपल्या पाण्याच्या पाइपाचा भाऊबंद. त्याआधीच्या 78 फेऱ्यांच्या जड तबकड्यांत लाख असे, कुसुम-पळसावरच्या किड्यांची. तिच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. गाणाऱ्याला तेवढ्यातच सगळे सांगावे लागे.

आम्ही म्हणालो, बाबा रे, इंडी आपल्याकडे कधीचे आहे. वामनदादा कर्डक (1922-2004) कोणत्या कंपनीच्या जिवावर गावोगाव हिंडले? गाणे रचायचे, रात्री वस्तीत म्हणायचे, लोक पाठ करून पुढच्या गावाला न्यायचे. तबकड्या आल्या त्या त्यानंतर. जयंतीला भोंग्यावर तबकडी लागली की आमची अख्खी गल्ली ओट्यावर येऊन बसे.

"मग त्या तबकड्या कुठं आहेत?"

या प्रश्नाला आमच्याजवळ सरळ उत्तर नव्हते. घरात टेपरेकॉर्डर आला, कॅसेटा आल्या, फोनो बिघडला. एका बाजाराच्या दिवशी आम्हीच तबकड्यांचा गठ्ठा भंगारवाल्याला वजनावर दिला. बदल्यात एक अ‍ॅल्युमिनियमचे पातेले घेतले. कमावती अक्कल होती ती! पातेलेही आता नाही.

आईने मात्र पेटीच्या तळाला एक ठेवली होती, भीमगीतांची छोटी, 45 फेऱ्यांची. हे नशीबच, कारण नव्या यंत्रांपैकी पुष्कळांवर 78 चा वेग नसतो. मधला कागद पुसून गेलेला. गायकाचे नाव वाचता येईना. पुतण्याने मऊ कापडाने धूळ काढली, हलक्या हाताने पिन टेकवली. आधी नुसती खरखर. मग ढोलकी, मग आवाज. आमचे म्हणणे प्रल्हाद शिंदे, शेजारचे मामा म्हणाले, नव्हे, दुसराच कोणी. वाद मिटला नाही.

दुसऱ्या कडव्यात ओरखडा होता. पिन अडकली, एकच शब्द पुन्हा पुन्हा येऊ लागला. पुतण्या उचलायला धावला. तेवढ्यात कांदा चिरणाऱ्या आईने पुढची ओळ धरली आणि मान वर न करता कडवे पुरे केले. पुतण्याने मोबाइल काढला आणि म्हणाला, "आजी, पहिल्यापासून म्हण."