चार चिमण्या म्हणजे एक खार

आमच्या कुर्डुवाडीच्या घराला मागे परस आहे. परस म्हणजे फार काही नाही. एक पेरूचं झाड, धुण्याचा दगड, पाण्याची टाकी आणि कडेनं कंपाउंडची भिंत. पण हिंजवडीत आठव्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला एवढंसुद्धा फार्महाऊस वाटतं! शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची, रात्री घरी, आणि शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन परसाच्या पायरीवर बसायचं. महिन्यातून दोनदा हा आपला ठरलेला कार्यक्रम.

तर गेल्या दिवाळीत मी घरी एक बर्ड फीडर घेऊन गेलो. ऑनलाइन मागवलेला. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, खाली ताटली, बसायला चार काड्या. त्यात बाजरी, राळे आणि तांदळाची कणी भरली, पेरूच्या फांदीला टांगला आणि आई-बाबांना ट्रेनिंग दिलं. नळी रिकामी झाली की वरचं झाकण उघडायचं, भरायचं, लावायचं. झालं. झीरो मेंटेनन्स.

दोन आठवडे कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या आठवड्यात बाबांचा फोन आला, "आले रे तुझे पाहुणे." सात-आठ चिमण्या होत्या. तो व्हिडिओ मी ऑफिसात किमान दहा जणांना दाखवला असेल. बाबा रिटायर झाल्यापासून आमच्या फोनवर "जेवलास का" आणि "हो" याच्या पुढे विषय नसायचा. आता रोज चिमण्यांचा रिपोर्ट यायला लागला. चारशे नव्याण्णव रुपयांत एवढं मिळत असेल तर अजून काय पाहिजे राव!

मग खार आली.

खार म्हणजे पाठीवर रामाची बोटं असलेली, सेतूला हातभार लावणारी वगैरे... ते सगळं गोष्टीत. प्रत्यक्षात ही बाई फांदीवरून उलटी लटकायची, मागचे पाय तारेला, पुढचे दोन्ही हात नळीच्या भोकात, आणि दहा मिनिटांत अर्धी नळी खाली. त्यातलं चौथाई पोटात आणि बाकीचं जमिनीवर. आठवड्याभरात तिनं भोकंही कुरतडून मोठी केली. मग दाण्यांना अडवणारं काही उरलंच नाही.

आता आपण इंजिनिअर. बग आला की फिक्स आलाच.

व्हर्जन 1.1 : बाबांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून फीडरवर छत्रीसारखा बसवला. बाबा रेल्वे वर्कशॉपमधले. कुर्डुवाडीत दर दोन घरांआड एक तरी माणूस असा सापडतो की ज्याला पत्रा, पाना आणि वेळ दिला की तो खूष असतो. खार छत्रीवरून घसरली, दोन मिनिटं विचार केला आणि भिंतीवरून थेट उडी मारली.

व्हर्जन 1.2 : फीडर झाडावरून काढून मोकळ्या जागेत लोखंडी पाइपवर. पाइपला मी ग्रीस फासलं. आई म्हणाली, "अरे, ते तिच्या अंगाला लागलं तर चाटून चाटून मरेल की ती. चिमण्यांच्या पंखाला लागलं तर?" गुपचूप रॉकेलच्या बोळ्यानं पाइप पुसला. मग साबणानं रॉकेल पुसलं.

व्हर्जन 2.0 ला मी खरी अक्कल लावली. परदेशात वजनावर चालणारे फीडर मिळतात. जड प्राणी बसला की झडप बंद. तिकडची करडी खार अर्ध्या किलोच्या आसपास असते, त्यामुळे तिथे ही युक्ती चालते. मी म्हटलं, आपण लोड सेल आणि आर्डुइनो लावून करू. पुण्यात बसून हिशोब मांडला. चिमणी साधारण पंचवीस ग्रॅम. आपली खार साधारण शंभर ग्रॅम. म्हणजे मर्यादा समजा ऐंशीला ठेवली...

आणि तिथेच अडकलो. कारण चिमण्या एकेकट्या येत नाहीत. चार चिमण्या एकदम बसल्या की शंभर ग्रॅम होतात. काट्याच्या दृष्टीनं चार चिमण्या म्हणजे एक खार! हवा असलेला आणि नको असलेला पाहुणा ओळखण्याचं माझं सगळं गणित तिथे कोसळलं. हे मी फोनवर बाबांना मोठ्या तोऱ्यात समजावून सांगितलं. ते म्हणाले, "आरं, दाणं उघड्यावर ठिवलं. आता ती काय पाटी वाचून येणारंय व्हय, 'फक्त चिमण्यांसाठी' म्हणून?"

माझा एक कॉलेजचा मित्र न्यू जर्सीत असतो. त्याला हे सांगितलं तर तो हसायलाच लागला. त्याच्याकडे खारी आहेतच, वर रात्री रॅकून येतात. हाताच्या बोटांसारखे पंजे, कड्या उघडतात, झाकणं फिरवतात, अख्खा फीडर काढून घेऊन जातात. टोरांटो महापालिकेनं तर 2016 पासून रॅकूनला उघडता येऊ नयेत असे कचऱ्याचे डबे घरोघर वाटले. सगळी योजना मिळून सुमारे 3 कोटी 10 लाख डॉलरची. तरी पुढे दोनेक वर्षांत ते डबे उघडणाऱ्या रॅकूनचे व्हिडिओ आलेच. मला हे ऐकून बरं वाटलं. म्हटलं, आपण एकटेच येडे नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. खार दिवसा येते, दिसते, तिच्यावर हसता येतं. रात्रीचा हिशोब मी धरलाच नव्हता.

खाली सांडलेले दाणे रात्री उंदीर खात होते. मग घुशी आल्या. मार्चमध्ये धुण्याच्या दगडाखाली एक बीळ, एप्रिलमध्ये टाकीच्या पायाशी दुसरं. आई फोनवर म्हणायची, "जरा उंदीर झालेत." मी म्हणायचो, "पिंजरा लाव." आणि मीटिंगला जायचो.

जूनचा पहिला पाऊस पडला त्या आठवड्यात आई पहाटे अंधारात बंबाला जळण आणायला परसात गेली आणि दगडापाशी दोरी पडलीय म्हणून उचलायला वाकली. ती दोरी हलली.

आई ओरडली, बाबा धावले, गल्लीतल्या सर्पमित्र पोराला फोन गेला. तो आला, बघितलं आणि म्हणाला, "धामण आहे काकू, बिनविषारी. उंदरांमागं आली." पोत्यात घालून गावाबाहेर सोडून आला. जाता जाता एवढंच बोलला, "घोणस पण उंदरांमागंच येते बरं का. आणि ती पळत नाही, पडून राहते."

नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही आपल्याकडची चार विषारी नावं शाळेत असतानाच पाठ झालेली असतात. मला हे सगळं संध्याकाळी कळलं, तेही बाबांकडून, तेही "काही नाही रे, उगीच घाबरू नको" या सुरात. आईशी बोललो. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तू हौसेनं लावलंयस म्हणून मीच रोज भरत होते."

हे वाक्य मला त्या धामणीपेक्षा जास्त लागलं.

कारण मी पुण्यात बसून जे 'झीरो मेंटेनन्स' म्हणून विकलं होतं, ते मेंटेनन्स कुणीतरी करतच होतं. ते माझ्या व्हिडिओत दिसत नव्हतं एवढंच. भरणारी आई, झाडणारी आई, अंधारात तिथून चालणारी आईच. चिमण्यांचं कौतुक माझं आणि उंदीर तिचे!

त्या शनिवारी बाबांनी आजोबांची गोष्ट काढली. आमची माढा तालुक्यात थोडी कोरडवाहू जमीन. शाळू पोटरीतून बाहेर पडून दाण्यात आला की आजोबा पहाटेपासून माळ्यावर गोफण घेऊन उभे असायचे. चिमण्या, पोपट आणि सगळ्यात वाईट म्हणजे भोरड्या. हजारोंच्या थव्यानं हिवाळ्यात परदेशातून येतात आणि उतरल्या की शेत साफ. पण हाच माणूस सुगी झाली की चार भरली कणसं ओसरीच्या आढ्याला टांगायचा, चिमण्यांसाठी. ती संपली की संपली. पुढच्या सुगीला पुढची.

मला यात आधी विरोधाभास वाटला. दिवसभर हाकलायचं आणि मग खाऊ घालायचं? नंतर लक्षात आलं, की दोन्हीकडे गोष्ट एकच होती. आजोबा हजर होते. शेतात राखायला हजर, ओसरीवर बघायला हजर. कणसं मोजकी आणि डोळ्यांसमोर. माझ्या फीडरमध्ये दाणे अमर्याद होते आणि राखणदार एकशे ऐंशी किलोमीटरवर स्टँडअप मीटिंगमध्ये.

मुंबईत कबुतरांचं जे झालं ते याचंच मोठं रूप आहे असं मला वाटतं. 2025 च्या जुलैत सरकारनं कबुतरखाने बंद करायला सांगितले, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली गेली, ऑगस्टमध्ये लोक ती काढायला जमले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. एक बाजू म्हणे भूतदया, दुसरी म्हणे फुप्फुसाचे आजार. दोन्ही बाजूंचं खरं आहे. पण दाणे टाकून पुण्य घेऊन जाणारा एक, आणि खिडकीत विष्ठा झाडणारा दुसरा, ही वाटणी कुठल्या धर्मात बसते? खाऊ घालायचं असेल तर मागचं झाडणंही आपल्याच वाट्याला घ्यायला हवं. ते जमत नसेल तर टाकू नये. माझं मत एवढं साधं आहे.

"मग चिमण्या मरू द्यायच्या का?" असं कुणी म्हणेल. 2010 पासून 20 मार्चला चिमणी दिन असतो, आणि दरवर्षी त्या दिवशी आपण सगळे फीडरचे फोटो टाकतो. पण चिमणीची पिल्लं सुरुवातीला वाढतात ती अळ्या-किड्यांवर. चिमणीला दाण्यापेक्षा जास्त गरज आहे ती घरट्यापुरत्या भोकाची, थोड्या झुडपांची आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात पाण्याची. यातलं काहीही सांडलेल्या दाण्यांइतके उंदीर बोलावत नाही.

तर सध्याचं व्हर्जन असं आहे. फीडर काढला. बिळं बुजवली, परसात दिवा लावला आणि आईला बॅटरी दिली. भिंतीवर एक मातीची परळ, रोज सकाळी पाणी बदलायचं, म्हणजे डासही होत नाहीत. वळचणीला बाबांनी केलेली दोन लाकडी घरटी. आणि सकाळी चहाच्या वेळी मूठभर कणी, फरशीवर, आपण समोर बसलेलो असताना. चहा संपला की उरलेलं झाडून घ्यायचं. मी घरी असतो तेव्हा झाडू माझ्या हातात. नसतो तेव्हा बाबांच्या, आईच्या नाही, हे घरच्या लोकसभेत ठरलंय :-)

खार अजूनही येते. मूठभरातली तिची चिमूट घेते आणि भिंतीवर बसून दोन्ही हातांनी खाते. तिला आता कुणी चोर म्हणत नाही, कारण चोरण्यासारखं आम्ही काही ठेवलेलंच नाही.

घरी आई-बाबांना काहीतरी 'भेट' देणाऱ्या माझ्यासारख्या सगळ्यांना एक विचारावंसं वाटतं. वॉटर प्युरिफायर असो, कुत्र्याचं पिल्लू असो, नाहीतर फीडर. ती वस्तू रोज पुसणार कोण, भरणार कोण, आणि अंधारात तिच्या शेजारून चालणार कोण? उत्तर 'आई' असेल, तर आधी तिला विचारा.

बघा, पटतंय का.