विमा सक्तीचा, हप्ता कुणाच्या ऐपतीचा?

स्वित्झर्लंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बर्फाच्छादित शिखरे, घड्याळे आणि चॉकलेटे उभी राहतात. तिथल्या संसारी माणसाला मात्र सप्टेंबर सरता सरता वेगळीच धास्ती लागते. पुढच्या वर्षी आरोग्यविम्याचा हप्ता कितीने वाढणार?

1994 च्या सार्वमताने मंजूर झालेला कायदा 1996 पासून अमलात आला आणि देशात राहणाऱ्या प्रत्येकाला विमा सक्तीचा झाला. तो विकतात खासगी कंपन्या. पण मूलभूत विमा त्यांना कुणालाही नाकारता येत नाही आणि त्यावर नफाही कमावता येत नाही. साठीचा मधुमेही आणि तिशीतला पहिलवान, दोघांना एकाच भागात, एकाच कंपनीत, त्याच अटींवर सारखाच हप्ता! आजाऱ्याला दारातून परत पाठवायचे नाही, ही या सक्तीची पुण्याई.

खोट आहे ती पुढेच. हप्ता उत्पन्नावर ठरत नाही. बँकेचा संचालक आणि त्याच्या कचेरीत झाडलोट करणारी बाई यांचा हप्ता सारखाच असू शकतो. कँटन, म्हणजे तिथली राज्ये, गरजूंना अनुदान देतात हे खरे. पण मध्यमवर्गीय मधल्या मध्ये भरडला जातो. शिवाय प्रौढ माणसाने उपचाराचे वर्षातले पहिले 300 फ्रँक तरी पदरचे घालायचे. हप्ता कमी हवा, तर हीच रक्कम 2500 पर्यंत वाढवून घ्यायची. मग दुखणे अंगावर काढण्याचा मोह होणारच.

यावर उपाय काय? सर्वांसाठी एकच सरकारी विमा निधी असावा, ही सूचना मतदारांनी 2014 मध्ये फेटाळली. हप्ता उत्पन्नाच्या 10 टक्क्यांपुरता मर्यादित ठेवण्याची सूचना जून 2024 मध्ये बारगळली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मात्र एक सुधारणा मंजूर झाली. रुग्णालयात दाखल झालेल्याच्या खर्चाचा निम्म्याहून अधिक वाटा कँटन उचलते. दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा भार मात्र विमा कंपन्यांवर, म्हणजेच हप्त्यांवर पडतो. त्याच दिवशी घरी पाठवणारा स्वस्त उपचार देशाचा पैसा वाचवतो आणि हप्ता वाढवतो! 2028 पासून दोन्ही खर्च एकाच प्रमाणात वाटले जातील.

सुधारणा शहाणपणाची आहे. पण तिने खर्चाची वाटणी बदलेल. झाडलोट करणाऱ्या बाईचा हप्ता तिच्या पगाराकडे पाहून ठरणार नाही. सक्ती करणाऱ्याने ऐपतही पाहिली पाहिजे. नाही तर ‘आई जेऊ घालीना, बाप भीक मागू देईना’ अशीच गत व्हायची.